बाळ, बाळंतपण आणि पुस्तक: वाचनाचा वेळ झोपेतून काढू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिझेरियन होऊन तीन आठवडे झालेत, बाळ अंगावर पितंय, दूध पुरेसं आहे. लहानपणापासून रोज वाचल्याशिवाय तुम्हाला झोप आली नाही, आणि आता पुस्तक उघडलं की दोन पानं होतात आणि पहिल्या पानावर काय होतं ते आठवत नाही. पाजताना वाचावं तर घरचे म्हणतात, बाळाकडे लक्ष दे. बाळ झोपल्यावर वाचावं तर तुमची झोप हुकते. वाचनाने डोळे बिघडतील का, हीही शंका आहे. वाचनगटाची बैठक महिन्यावर आलीय आणि वर्षभराचा ठरवलेला पुस्तकांचा आकडा आता काही गाठला जात नाही, ही रुखरुख वेगळीच. शेवटी तुम्ही विचारलंय, "हे असंच राहणार का?"

नाही राहणार. मी बाळंतिणींसोबत काम करते, मुख्यतः पाजण्यातल्या अडचणींवर, आणि वाचनवेड्या बायका माझ्याकडे नेहमी येतात. वाचन परत येतं. पण ते तुम्ही कशाच्या जिवावर परत आणता, यावर पुढचे तीन महिने कसे जातात ते ठरतं. झोपेच्या जिवावर आणलंत तर झोपही जाईल आणि वाचनही. वाचनासाठीचा वेळ दुसऱ्या माणसाकडून मागून घ्यायचा असतो. मला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच, बाकी सगळा त्याचा तपशील आहे.

आधी त्या दोन पानांबद्दल. तुमची बुद्धी कुठेही गेलेली नाही. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. सुरुवातीच्या आठवड्यांत एकेका पाजण्याला अर्धा-पाऊण तास सहज जातो, मग ढेकर, मग लंगोट. पुढच्या वेळेपर्यंत हातात तास-दीड तास उरतो. बाळ दिवसाकाठी १४ ते १७ तास झोपतं हे खरं, पण तुकड्या-तुकड्यांत. रात्र आणि दिवस यांतला फरक त्याच्या शरीराला कळायला दोन-तीन महिने लागतात. आईची झोप अशी तुटत राहिली की पहिला फटका बसतो तो एकाग्रतेला आणि नुकतंच वाचलेलं डोक्यात धरून ठेवण्याच्या ताकदीला. कादंबरीला नेमकी तीच ताकद लागते. हा माणूस मागच्या प्रकरणात कोण होता, ती बाई घर सोडून का गेली, हे धरून ठेवलं तरच पुढचं पान लागतं.

त्यात शरीराचं स्वतःचं काम चालू असतंच. बाळ जन्मल्यावर गर्भाशयाचं वजन साधारण एक किलो असतं. सहा आठवड्यांत ते आक्रसत ६०-७० ग्रॅमवर येतं. आत वार जिथे चिकटलेली होती ती जागा म्हणजे भरून येणारी एक जखमच असते. तुमच्या बाबतीत त्यावर पोटाचे टाके. वरची त्वचा दोनेक आठवड्यांत जुळून येते, आतले थर जुळायला सहा आठवडे आणि त्याहूनही जास्त लागतात. या काळात "मी तर नुसती बसूनच आहे, मग थकवा कसला" असं स्वतःला म्हणू नका.

"बाळंतपणात मेंदू हलका होतो" हे वाक्य तुमच्याही कानावर आलं असेल. २०१६ साली 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गर्भारपणाआधी आणि प्रसूतीनंतर त्याच स्त्रियांच्या मेंदूचे स्कॅन ताडून पाहिले होते. मेंदूच्या काही भागांत ग्रे मॅटर, म्हणजे चेतापेशींचा करडा भाग, कमी झालेलं दिसलं आणि तो बदल किमान दोन वर्षं टिकला. पण ते भाग मुख्यतः दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याशी संबंधित होते, आणि त्या स्त्रियांची स्मरणशक्ती तपासली तेव्हा ती घटलेली आढळली नाही. तेव्हा तुमच्या दोन पानांचा दोष मी आधी तुटलेल्या झोपेला देईन.

म्हणून झोपेचा नियम मी फार काटेकोरपणे सांगते. बाळाच्या दिवसातल्या पहिल्या दोन झोपा तुमच्याही झोपेच्या. पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवा, उशाशी नको. २४ तासांत सगळे तुकडे मिळून सहा-सात तास झोप झाली असेल आणि त्यात निदान एक सलग चार तासांचा तुकडा असेल, तरच बाळाची एखादी झोप पुस्तकाला द्या. हा माझा ठोकताळा आहे, पण मी तो मुद्दाम कडक ठेवलाय. वाचणाऱ्या बाईला बाळ झोपलेलं असताना वाटतं की हीच काय ती आपली वेळ. त्या मोहात रोज तासभर झोप जाते, आठवड्याने चिडचिड सुरू होते, आणि मग पुस्तक हातात घेतलं तरी ओळी नुसत्या डोळ्यांसमोरून सरकतात.

रात्रीच्या पाजण्याचं वेगळं आहे. पहाटे तीनला मोबाइलवर वाचायला घेतलं तर उजेड डोळ्यांत जातो, झोप आणणारं मेलाटोनिन दबतं, आणि बाळ झोपून गेल्यावर तुम्ही टक्क जाग्या. नुसता उजेडच नव्हे, रहस्यकथाही जागं ठेवते. रात्री वाचायचंच असेल तर मंद पिवळसर उजेडाचं ई-रीडर आणि आधी वाचलेलं, शेवट माहीत असलेलं पुस्तक. आणि एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत सोडू नका: पापण्या जड होताहेत असं वाटलं की सोफ्यावरून किंवा आरामखुर्चीतून उठा. बाळ छातीशी असताना सोफ्यावर झोप लागणं हे बाळासाठी अत्यंत धोक्याचं आहे. ते कुशनच्या फटीत किंवा तुमच्या अंगाखाली घसरतं, नाक दबतं, आणि आवाजही येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना असलेल्या अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचा सल्ला असा आहे की पाजताना डोळा लागण्याची शक्यता असेल तर सोफ्यापेक्षा उशा-पांघरुणं बाजूला केलेला पलंग कमी धोक्याचा, आणि जाग येताच बाळाला त्याच्या स्वतःच्या, टणक आणि सपाट गादीवर उताणं ठेवायचं. वाचन मला मनापासून प्रिय आहे, पण "हे प्रकरण संपवते आणि मग उठते" हे वाक्य रात्री तीन वाजता मनात आलं तर पुस्तक लगेच मिटा.

आता वेळ कुठून आणायचा. घरात दुसरं मोठं माणूस असेल, नवरा, आई, सासू, बहीण, कुणीही, तर त्यांना "जमेल तेव्हा बाळाला घ्या" असं सांगू नका. जमेल तेव्हा म्हटलं की ते कधीच जमत नाही. वेळ ठरवून सांगा: रोज सकाळचं अमुक पाजणं झालं, ढेकर निघाली, की पुढची चाळीस मिनिटं बाळ तुझ्याकडे. पाजून झाल्याझाल्याची वेळ यासाठी की भुकेचं कारण निघून गेलेलं असतं. बाळ रडलंच तर लंगोट, गॅस, कंटाळा, झोप यांतलं काहीतरी असणार आणि ते दुसरं माणूस बघू शकतं. संध्याकाळ निवडू नका. बहुतेक बाळं संध्याकाळी लागोपाठ प्यायला मागतात आणि किरकिरतात. तेव्हा ठरवलेली वेळ रोज मोडेल आणि तुम्हाला वाटेल की हे आपल्या नशिबातच नाही.

या चाळीस मिनिटांत तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून. बाळाचं रडणं कानावर पडलं की कित्येक आयांचा पान्हा आपोआप सुटतो आणि मन पानावर राहत नाही. यात तुमच्या मनाचा कच्चेपणा नाही, पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं काम आहे. बाळाला घेणाऱ्याने शक्य असेल तर त्याला घराबाहेर चक्कर मारून आणावं. आणि या वेळात कपड्यांच्या घड्या नाहीत, भांडी नाहीत, आलेल्या मेसेजना उत्तरं नाहीत. हे घरच्यांना सांगायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. झोपायला वेळ मागितला तर सगळे हो म्हणतात, वाचायला मागितला तर चैन वाटते. पण मनाला सवयीचं, स्वतःचं असं काहीतरी रोज मिळणं हाही बरं होण्याचाच भाग आहे, हे मी घरच्यांना त्यांच्यासमोर बसून सांगते. तुम्हीही माझं नाव पुढे करून सांगा.

घरात दुसरं कुणीच नसेल तर मात्र वाचन काही काळ पाजण्याच्या वेळेपुरतं आणि ऐकण्यापुरतं राहील. जी एकटी आहे तिची झोप पुस्तकाहून मोलाची.

पाजताना वाचलं तर बाळाकडे दुर्लक्ष होतं का, हा तुमच्या घरातला वाद. यात दोन्ही बाजूंचं थोडं खरं आहे. पहिले दोन-तीन आठवडे पाजताना डोळे बाळावर हवेतच, कारण तेव्हा दोघंही शिकत असतात. तोंड नीट मोठं उघडलंय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, हनुवटी स्तनाला टेकलीय का, स्तनाग्राभोवतीच्या गडद भागाचा जास्त हिस्सा वरच्या ओठाच्या बाजूला दिसतोय का, आणि मुख्य म्हणजे गिळण्याचा आवाज येतोय का. हे बसलं की डोळे मोकळे होतात. तुमचं बाळ तीन आठवड्यांचं आहे. त्याचं वजन जन्माच्या वजनापर्यंत परत आलं असेल, दिवसाला निदान सहा लंगोट चांगले ओले होत असतील, आणि पाजताना तुम्हाला दुखत नसेल, तर पाजताना खुशाल वाचा. वजनाबद्दल शंका असेल तर आधी वजन करून घ्या, पुस्तक त्यानंतर.

कान मात्र बाळाकडे राहू द्या. थोड्या सरावाने डोळे ओळींवर आणि कान गिळण्यावर असं होतं. चोखणं नुसतं फडफडतं झालं, गिळणं थांबलं, की पान सोडून खाली बघायचं: झोपलंय, की दुसरी बाजू हवीय? नवजात बाळाला २० ते ३० सेंटीमीटरवरचं सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे छातीपासून तुमच्या चेहऱ्यापर्यंतचं साधारण अंतर. ते डोळे उघडून वर बघत असेल तर पुस्तक खाली घ्या आणि त्याच्याकडे बघा. डोळे मिटून पीत असेल तर त्याला तुमच्या नजरेची त्या क्षणी गरज नाही. त्याला ऊब, वास आणि दूध मिळतंय.

घरच्यांची भीती एका प्रसिद्ध प्रयोगाच्या अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवरून आलेली असू शकते. १९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आयांना काही मिनिटं बाळासमोर बसून चेहरा पूर्ण निर्विकार ठेवायला सांगितलं होतं. बाळं अस्वस्थ झाली, नजर फिरवू लागली, आईला बोलतं करायचा प्रयत्न करू लागली. पण तिथे बाळ आईला साद घालत होतं आणि आई मुद्दाम प्रतिसाद देत नव्हती. तुम्ही वाचताय आणि बाळाने हाक दिली की बघताय, हे त्याच्याशी जुळत नाही. दिवसात दहा वेळा पाजणाऱ्या बाईने यांतल्या दोन-तीन वेळा पुस्तकासोबत काढल्या तर जवळीक कमी होत नाही.

आता अंगाचं. माझ्याकडे येणाऱ्या वाचणाऱ्या बायकांत एक दुखणं मी पुन्हा पुन्हा बघते: अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला. एका तळव्यावर बाळाचं डोकं तोललेलं, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि त्याच हाताच्या अंगठ्याने पानं सरकवणं चाललेलं. दोन्ही अंगठे ताणून उघडे आणि मनगटं वाकडी, दिवसातून दहा वेळा. अंगठ्याकडे जाणाऱ्या स्नायुबंधांचं आवरण सुजतं. बरणीचं झाकण फिरवताना, बाळाला काखेत हात घालून उचलताना चमक निघते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी १८९५ साली या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. नव्या आयांमध्ये ते इतकं आढळतं की त्याला आईचं मनगट असंही म्हणतात. उपाय सोपा आहे आणि तो दुखायला लागण्याआधी करायचा. बाळाचं वजन उशीवर, हातावर नाही. उचलताना तळवा त्याच्या बुडाखाली सरकवायचा, अंगठा बोटांना चिकटलेला ठेवून. आणि वाचायचं ते स्टँडवर टेकवलेलं, डोळ्यांच्या उंचीला. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. मांडीवरच्या पुस्तकात मान घालून तासभर बसलात तर ते सगळं वजन मानेच्या मागच्या स्नायूंनी तोलायचं असतं. दुखणं सुरू झालं असेल तर मनगटाला आधारपट्टा आणि फिजिओथेरपिस्टची भेट, अंगावर काढू नका.

सिझेरियन असल्यामुळे तुमच्यासाठी दोन स्थिती चांगल्या. एक, बाळ काखेखाली, पाय तुमच्या पाठीच्या दिशेने, उशीवर. पोटावर भार येत नाही आणि समोरची जागा पुस्तकाला मोकळी राहते. दुसरी, कुशीवर आडवं होऊन पाजणं. तीत टाक्यांना फार बरं वाटतं, पण वाचायला हीच सगळ्यात फसवी, कारण पाच मिनिटांत झोप लागते. तिथे पुस्तक नको. जाडजूड बांधणीचं पुस्तक एका हातात बाळाच्या वर धरू नका, आणि मोबाइलही नाही. बाळाच्या कपाळावर आणि नाकावर मोबाइल पडल्याच्या तक्रारी माझ्याकडे आल्यात. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, यात पुस्तकांची खोकीही आली.

आणखी एक, थोडं अवघड पण सांगायलाच हवं. कित्येक आयांना निवांत वाचायला मिळणारी एकमेव जागा म्हणजे शौचालय. बाळंतपणानंतर मूळव्याधीचा त्रास आधीच असतो; कमोडवर वीस मिनिटं बसलं की गुदद्वाराच्या शिरांवर आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर ताण वाढतो. पाच मिनिटांत उठा. एकांत हवा असेल तर तो खोलीचं दार लावून मागा. तसंच दोन-दोन तास पाय न हलवता वाचत पडू नका. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त असतो, सिझेरियननंतर आणखी. प्रकरण संपलं की घरातल्या घरात एक फेरी. एकाच पोटरीत दुखणं, सूज, लाली, किंवा अचानक धाप लागणं, असं झालं तर थेट दवाखाना.

डोळ्यांबद्दल. वाचल्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत, बाळंतपणातही नाही. मात्र गर्भारपणात शरीरात पाणी साठतं, त्यामुळे कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी आणि वक्रता किंचित बदलते, डोळे कोरडे पडतात, आणि हे पूर्ववत व्हायला प्रसूतीनंतर काही आठवडे लागतात. म्हणून अक्षरं थोडी धूसर वाटली तर लगेच नवा चष्मा करून घेऊ नका, अक्षराचा आकार वाढवा आणि अधूनमधून लांब बघा. पण धूसर दिसण्यासोबत डोकं असह्य दुखत असेल, डोळ्यांसमोर चमका येत असतील, बरगड्यांखाली उजवीकडे दुखत असेल, तर ते वाचनाने नाही. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब धोकादायक वाढू शकतो, गर्भारपणात तो अगदी व्यवस्थित असला तरी. त्याच तासाला रक्तदाब मोजून घ्या. १४०/९० किंवा वर असेल तर डॉक्टरांना गाठा. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं आणि ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, ही दोन लक्षणं दिसली तरीही वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तुमच्या प्रश्नात वाचायची ओढ आहे, ती वाचून मला बरं वाटलं. वेळ नाही म्हणून न वाचणं आणि वाचावंसंच न वाटणं यांत मोठा फरक आहे. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रडू येणं, उगाच भरून येणं हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही मन खालीच राहिलं तर ते नैराश्य असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. ते ओळखण्यासाठी १९८७ सालापासून वापरात असलेली एडिंबरा प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे, मागच्या सात दिवसांबद्दलची. तिचा दुसरा प्रश्न असा आहे की तुम्ही पुढच्या गोष्टींची आनंदाने वाट बघता का. वाचणाऱ्या बाईसाठी मी तो असा विचारते: कुणी आत्ता तासभर बाळ घेतलं आणि तुमचं आवडतं पुस्तक हातात दिलं, तर ते उघडावंसं वाटेल का? "हो, पण झोप येईल" हे उत्तर निरोगी आहे. "नको, त्यात काय आहे" असं उत्तर दोन आठवडे सतत येत असेल, किंवा बाळ झोपलेलं असताना, संधी असूनही झोप लागत नसेल, तर सहा आठवड्यांच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांशी बोला. याला उपचार आहेत, आणि पाजत असताना घेता येतील अशी औषधंही आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, भास, झोपेची गरजच न वाटणं, असं काही झालं तर त्याच दिवशी, एकटीने न जाता, दवाखाना.

वाचायला काय घ्यावं यावर माझी मतं ठाम आहेत. पहिले दोन महिने नवी, मोठी, पात्रांनी भरलेली कादंबरी नको. पूर्वी वाचलेलं आवडतं पुस्तक, कविता, पत्रं, छोट्या कथा, ललित लेख, म्हणजे सात मिनिटांत एक तुकडा पूर्ण होईल असं काहीतरी. मुलांचे मृत्यू, हरवलेली मुलं, युद्ध असं साहित्य काही काळ बाजूला ठेवा. बाळाला काही होईल अशी चित्रं बहुतेक नव्या आई-बापांच्या मनात आपोआप येतात, त्यांना आणखी खाद्य कशाला. आणि बालसंगोपनाची पाच पुस्तकं एकदम उशाशी रचू नका. एक पुरे, तेही दिवसा.

मोठी कादंबरी मध्येच राहिली असेल तर एक युक्ती. खूण म्हणून साधा जाड कागद ठेवा आणि वाचन थांबवताना त्यावर एक ओळ लिहा: "थोरला घरी परतला, पत्र अजून बहिणीकडेच." पेन पुस्तकालाच अडकवलेलं हवं. बाळ रडायला लागलं तरी ती ओळ लिहायला दहा सेकंद लागतात, आणि दोन दिवसांनी पुस्तक उघडल्यावर मागची चार पानं परत वाचावी लागत नाहीत. दोन पानं विसरण्याच्या तुमच्या तक्रारीवर माझ्या माहितीतला हाच सगळ्यात कामाचा उपाय आहे.

मोठ्याने वाचणं तर आत्तापासून करा. १९८६ साली अँथनी डिकॅस्पर आणि मेलानी स्पेन्स या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की गर्भारपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आईने रोज मोठ्याने वाचलेला उतारा नवजात बाळं ओळखतात; तो ऐकायला मिळावा म्हणून ती चोखण्याची लय बदलत होती. या वयात मजकूर काय आहे याने बाळाला काहीही फरक पडत नाही. तुमचीच कादंबरी मोठ्याने वाचा. बाळ जागं आणि शांत असतं त्या पंधरा-वीस मिनिटांत तुमचं वाचनही होतं आणि त्याला तुमचा आवाजही मिळतो. ज्यांचं बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे आणि ज्या तासन् तास कांगारू पद्धतीने त्याला छातीशी धरून बसतात, त्यांना मी हे आवर्जून सुचवते, अर्थात जागं राहून आणि कुणी आसपास असताना. ऑडिओबुकही उत्तम, फक्त एकाच कानात, आवाज बेताचा, म्हणजे बाळाची हालचाल ऐकू येईल.

पुढचा काळ कसा जाईल याचा अंदाज देते, म्हणजे निराशा होणार नाही. येत्या तीन-चार आठवड्यांत वाचन वाढण्याऐवजी आणखी घटेल. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली आयांकडून बाळांच्या रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. त्यात रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाऊन सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त, दिवसाला साधारण पावणेतीन तासांवर गेलेलं दिसलं, आणि मग ते उतरत गेलं. म्हणजे तुमची वाचनगटाची बैठक नेमकी त्या शिखराच्या जवळ येतेय. त्यानंतर पाजण्याचा वेळ कमी होतो, रात्रीचा एखादा तुकडा लांबतो, बाळाची मान अजून तुमच्या हातातल्या वस्तूकडे वळत नसते. दोन ते चार महिने हा पाजता-पाजता वाचण्याचा सगळ्यात चांगला काळ. चार महिन्यांनंतर बाळ आजूबाजूला बघण्यासाठी स्तन सोडतं, पान ओढतं, चष्मा ओढतं. तेव्हा हा मार्ग अरुंद होतो, पण तोवर दिवसाच्या झोपांना थोडी शिस्त लागायला लागलेली असते.

म्हणून वाचनगटाला आजच कळवा की ही बैठक आणि पुढची बैठक तुमच्यासाठी धरू नका. त्यानंतरच्या बैठकीला छोटं पुस्तक असेल तर तुम्ही याल. पुस्तक न वाचता नुसतं ऐकायला जायचं असेल तर तेही सांगून ठेवा, बाळाला घेऊन तासभर. वर्षाचा आकडा ज्या ॲपमध्ये टाकलाय तिथून काढून टाका, कमी करून ठेवू नका. उरलेल्या वर्षात तुम्ही जे वाचाल ते मोजलं नाही तरी तुमचंच असेल. आणि वाचनालयाची पुस्तकं घरात असतील तर ती उद्याच कुणाच्या तरी हाती परत पाठवा. मुदतीचं ओझं या महिन्यात घरात नको.